जुने संगणक आणि डायलचे टेलिफोन: जमवणे, दुरुस्त करणे, वापरणे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सुरुवात कोणत्या यंत्रापासून करावी?

ज्याचे सर्किट छापील स्वरूपात उपलब्ध आहे, ज्याचे सुटे भाग आजही मिळतात आणि घरची वीज लागत असेल तर जे २३० व्होल्टवर चालते, अशा यंत्रापासून. या कसोटीवर डायलचा काळा टेलिफोन सर्वांत वर येतो. त्यात एकही चिप नाही, आत काय चालले आहे ते डोळ्यांनी दिसते आणि बाहेर येणाऱ्या तारा दोनच. आपल्याकडे मिळणारे बहुतेक फोन बंगळूरच्या आयटीआयचे असतात. ही कंपनी १९४८ साली सुरू झाली आणि पुढची कित्येक दशके देशभरच्या घरांतले फोन तिथेच तयार होत.

संगणकांमध्ये सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२), बीबीसी मायक्रो (१९८१) आणि एक्सटी वर्गातले (आयबीएमच्या सुरुवातीच्या पीसीसारखे) पीसी हे तीन चांगले पर्याय. यांतल्या दोघांचा भारताशी थेट संबंध आहे. स्पेक्ट्रम प्लसची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली. बीबीसी मायक्रो १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक प्रकल्पातून अडीचशेच्या आसपास शाळांमध्ये पोचला. त्याची भारतीय आवृत्ती सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ‘युनिकॉर्न’ नावाने काढली होती. त्यामुळे जुन्या शाळेची भांडारखोली हा शोधाचा पहिला पत्ता समजा. तिथली मालमत्ता नोंदवहीत चढलेली असते, म्हणून रीतसर निर्लेखन करूनच (नोंदवहीतून कमी करूनच) वस्तू घ्या.

मिळालेला संगणक घरी आणल्यावर लगेच लावून पाहावा का?

नाही. जुनी यंत्रे सर्वांत जास्त मरतात ती याच क्षणी. पंधरा-वीस वर्षे बंद असलेल्या यंत्राला थेट वीज देऊ नका. क्रम असा ठेवा:

पहिल्यांदा यंत्र हलवून पाहा. आत सुटा स्क्रू किंवा नाणे खुळखुळत असेल तर ते आधी काढायचे. मग झाकण उघडा. सर्व बाजूंनी फोटो काढा, कोणती वायर कुठे आहे ते फोटोत स्पष्ट दिसले पाहिजे. पाली, झुरळे, त्यांची अंडी पॉवर सप्लायच्या डब्यात हमखास सापडतात. मेलेली पाल दोन पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट झालेली असू शकते. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने सगळे साफ करा. कुजलेल्या मासळीसारखा वास आला तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळला आहे असे समजा.

दुसरी पायरी पॉवर सप्लायची. तो मुख्य बोर्डापासून सोडवा आणि एकटा तपासा. वायरमन वापरतात तो सिरीज लॅम्प इथे कामी येतो: ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब फेजच्या वायरमध्ये सिरीजमध्ये जोडायचा. एलईडी बल्ब चालणार नाही. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशाने जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा. एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय) कधीकधी बल्बामागे नीट सुरू होत नाही, टिकटिक करत राहतो. तो बिघाड नव्हे, बल्बामुळे त्याला पुरेसा दाब मिळत नाही एवढेच.

पीसीचा सप्लाय रिकामा चालवू नका. लोडशिवाय तो सुरू होत नाही किंवा भलतेच व्होल्टेज देतो. मोटारीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब ५ व्होल्टच्या तारांवर लावला की साधारण १ अँपिअर लोड मिळतो. एक्सटीच्या सप्लायला असे दोन-तीन बल्ब समांतर जोडा. मल्टिमीटरवर ५ व्होल्टच्या जागी ४.८ ते ५.२५ दिसले की मगच बोर्ड जोडा. एक्सटीच्या बोर्डावर दोन सहापिनी प्लग शेजारी-शेजारी बसतात. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे बसवले तर बोर्ड जातो.

आणि हे कायम लक्षात ठेवा: एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२० व्होल्ट डीसी साठतो. प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहतो. हात घालण्याआधी मोजा.

चालू केल्यावर पाच मिनिटांनी फट्ट आवाज होऊन दाट पांढरा धूर आला. सगळे संपले का?

बहुधा काहीच संपलेले नाही. फुटला तो मेन्स फिल्टरचा (घरच्या विजेतला खरखराट गाळणारा) कपॅसिटर असतो, धातूच्या मुलाम्याच्या कागदाचा, पारदर्शक पिवळसर वेष्टनातला. ‘रिफा’ नावाने ओळखला जातो. वेष्टनाला बारीक चिरा पडतात, त्यांतून दमट हवा कागदात शिरते आणि वीज लागली की तो फुटतो. बीबीसी मायक्रोच्या सप्लायमध्ये हे हमखास होते. त्यात ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे असे कपॅसिटर आहेत. कोकणपट्टीत किंवा मुंबईत राहिलेल्या यंत्रात तर ते आधीच बदलून टाका. नवा घेताना ‘एक्स-२’ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा, पॉलिप्रॉपिलीन जातीचाच घ्या. दुकानदार ४०० व्होल्ट डीसीचा साधा कपॅसिटर ‘चालेल’ म्हणून देईल. तो मेन्सवर लावायचा नाही.

२८६-३८६ पीसीच्या बोर्डावर हिरवट-निळी पूड जमली आहे. ती काय?

३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी गळली आहे. बोर्डावर कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली छोटी नळकांडी दिसते तीच. तिच्यातले अल्कधर्मी द्रव तांब्याच्या पट्ट्या खात जाते. यंत्र चालू असो वा बंद, ही झीज थांबत नाही. म्हणून यंत्र ज्या दिवशी मिळाले त्याच दिवशी ही बॅटरी कापून काढा, बाकी दुरुस्ती वर्षभराने केलीत तरी हरकत नाही.

बॅटरी काढल्यावर ती जागा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या बोळ्याने पुसा. बुडबुडे थांबेपर्यंत पुसायचे, मग डिस्टिल्ड पाणी, मग ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोर्ड पंख्याखाली एक दिवस वाळवा. काळ्या पडलेल्या पट्ट्या फायबरच्या पेन्सिलने खरवडून मल्टिमीटरने एकेक तपासा आणि तुटलेल्या जागी बारीक एनॅमल तारेने जोड द्या.

नवी बॅटरी बोर्डावर बसवू नका. तीन एएए सेलचा होल्डर लांब वायरवर घ्या, तो बोर्डापासून दूर कॅबिनेटला चिकटवा आणि धन तारेत १एन४१४८ हा डायोड टाका. डायोड विसरलात तर बोर्ड साध्या सेलना चार्ज करायला जाईल आणि तेही गळतील.

स्पेक्ट्रम लावला की नुसते पट्टे किंवा काळा पडदा दिसतो. कुठून सुरुवात करू?

चालू झाल्यावर पांढऱ्या पडद्याच्या तळाशी १९८२ सालची सिंक्लेअर रिसर्चची कॉपीराइट ओळ यायला हवी. ती येत नसेल तर दहांपैकी सातआठ वेळा दोष खालच्या १६ के मेमरीत किंवा तिला वीज पुरवणाऱ्या छोट्या सर्किटमध्ये असतो.

कारण असे. या यंत्रात ४११६ जातीच्या आठ मेमरी चिप आहेत आणि त्यांना तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात: +५, +१२ आणि –५. बाहेरून येतात फक्त ९ व्होल्ट. बाकीची दोन व्होल्टेज बोर्डावरचा टीआर-४ हा ट्रान्झिस्टर आणि शेजारची छोटी कॉइल मिळून तयार करतात. टीआर-४ गेला की –५ नाहीसा होतो आणि बाकीची दोन चालू राहिली तर चिप जळू लागतात.

म्हणून चिप बदलण्याआधी व्होल्टेज मोजा. कोणत्याही एका ४११६ वर काळी प्रोब १६ नंबरच्या पिनवर ठेवा. १ नंबरवर –५, ८ नंबरवर +१२ आणि ९ नंबरवर +५ मिळाले पाहिजे. १ नंबरवर शून्य दिसले तर लगेच बंद करून टीआर-४ (झेडटीएक्स ६५०) बदला, कॉइल जळाली आहे का पाहा. तिन्ही व्होल्टेज नीट असतील तर पाच मिनिटे चालवून चिपना बोट लावा. एखादी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागली तर तीच बहुधा गेलेली. काढताना पाय कापून एकेक पिन उपटा, अख्खी चिप ओढू नका. जुन्या बोर्डाचे पॅड फार सहज उचकटतात. तिथे सॉकेट बसवा.

हे सर्किट मुळात जाते कशामुळे? यंत्र चालू असताना मागच्या एज कनेक्टरवर (बोर्डाच्या उघड्या कडेवर) जॉयस्टिक इंटरफेस लावल्या-काढल्यामुळे. जोडणी जरा तिरकी झाली की शेजारच्या पट्ट्या एकमेकींना भिडतात. वीज बंद केल्याशिवाय मागे काहीही लावायचे नाही, हा नियम घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा.

अॅडॅप्टरबाबत दोन गोष्टी. प्लगच्या मधली पिन ऋण असते, आजच्या बहुतेक अॅडॅप्टरच्या उलट. आणि मूळचा ट्रान्सफॉर्मर अनियंत्रित आहे. आपल्याकडे लाइन २४० च्या वर गेली की तो ९ पेक्षा बराच जास्त दाब देतो आणि आतला ७८०५ रेग्युलेटर तापून जातो. ९ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला एसएमपीएस अॅडॅप्टर घ्या आणि लावण्याआधी त्याची ध्रुवता मोजा.

काही बटणे चालत नसतील तर कीबोर्डखालच्या मेम्ब्रेनची (पातळ प्लास्टिकच्या पडद्याची) पट्टी वाकण्याच्या जागी तडकलेली असते. ती चिकटवून जमत नाही. नवा मेम्ब्रेन आजही तयार होतो, तोच घ्या.

कमोडोर ६४ या घरगुती संगणकाच्या मूळ सप्लायवर भरवसा ठेवावा का?

ठेवू नये. तो ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी देतो. त्याचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर बिघडतो तेव्हा व्होल्टेज खाली न येता वर जाते आणि मेमरी चिप जळतात. आज मोजून बरोबर निघाला म्हणून उद्या बरोबर राहील असे नाही. नवा सप्लाय वापरा, मूळचा संग्रहात शोभेसाठी ठेवा.

आजच्या टीव्हीवर चित्र कसे आणायचे?

स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो या ब्रिटिश यंत्रांचे चित्र ‘पाल’ (PAL) या टीव्ही पद्धतीचे आहे, आपल्याकडचेही पाल, त्यामुळे अर्धे काम झालेले असते. अँटेनाच्या सॉकेटवर यूएचएफ चॅनेल ३६ शोधा. चित्र आले पण आवाजाऐवजी खरखर आली, तर त्याचे कारण वेगळे आहे: ब्रिटनमध्ये आवाज चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर असतो, आपल्याकडे ५.५ वर. टीव्हीच्या मेन्यूत ‘पाल आय’ निवडता आले तर प्रश्न सुटतो. ४८ के स्पेक्ट्रमला ही अडचण येत नाही, त्याचा भोंगा यंत्रातच आहे.

याहून चांगला मार्ग म्हणजे कंपोझिट व्हिडिओ. कमोडोर आणि बीबीसीवर तो तयार मिळतो. स्पेक्ट्रमवर मॉड्युलेटरच्या (चित्र टीव्हीच्या चॅनेलवर चढवणाऱ्या) डब्यात आत येणारी वायर सोडवून सरळ सॉकेटच्या मधल्या टोकाला जोडायची. डबा कापू नका, वायर नुसती सोडवून बाजूला करा, म्हणजे पुढे कोणालाही मूळ स्थिती परत आणता येईल. पाच हजार रुपयांच्या एलसीडीपेक्षा फुकटात मिळणारा जुना सीआरटी टीव्ही या यंत्रांना जास्त शोभतो, हे आमचे स्पष्ट मत. मात्र तो उघडू नका. रंगीत पिक्चर ट्यूबवर २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो.

कॅसेटवरचे प्रोग्रॅम लोड होत नाहीत.

टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल झाला असेल तर वेग डगमगतो, पट्टा बदला. हेड अल्कोहोलने पुसा. मग हेडच्या शेजारचा छोटा स्क्रू प्ले चालू असताना थोडा-थोडा फिरवून आवाज सर्वांत तीक्ष्ण होईल तिथे थांबवा. दुसऱ्या कोणी भरलेल्या कॅसेटसाठी हे प्रत्येक वेळी करावे लागू शकते. आवाज पाऊण ठेवा.

कॅसेट एकदा वाचली गेली की संगणकावर रेकॉर्ड करून ठेवा. पुढे मोबाइलच्या हेडफोन सॉकेटमधून तीच फाइल वाजवून यंत्रात भरता येते. त्या वेळी मोबाइल फ्लाइट मोडवर हवा, नाहीतर मधेच आलेला मेसेज लोडिंग मोडतो.

जुन्या फ्लॉपी वाचायच्या आहेत. ड्राइव्हमध्ये घालू का?

थांबा. आधी फ्लॉपीच्या खिडकीतून पृष्ठभाग उजेडात तिरका धरून पाहा. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी, आणि आपल्या पावसाळ्यात ती जवळपास सगळीकडे पोचते. बुरशीची फ्लॉपी घातली की चुंबकीय थर खरवडला जातो आणि ड्राइव्हचे हेड खराब होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉपीही ओरखडतात.

बुरशी असेल तर सव्वापाच इंची फ्लॉपीच्या वेष्टनाची वरची कडा कापून आतली चकती बाहेर काढा. डिस्टिल्ड पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवाचा एक थेंब टाकून बोटांच्या पेरांनी हलके धुवा, साध्या डिस्टिल्ड पाण्यात खंगाळा, सावलीत वाळवा. मग एखाद्या निरुपयोगी फ्लॉपीचे स्वच्छ वेष्टन घेऊन त्यात ठेवा आणि वाचा. एकदा वाचता आली की काम झाले, ती फ्लॉपी पुन्हा वापरायची नाही.

वाचण्याआधी राइट प्रोटेक्ट करा: सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने झाका, साडेतीन इंचीची खिडकी उघडी ठेवा. ड्राइव्हची परीक्षा बिनमहत्त्वाच्या फ्लॉपीवर घ्या. बाहेर काढल्यावर चकतीवर गोल रेघ दिसली तर हेड पुन्हा साफ करा.

वाचण्यासाठी ग्रीजवीझलसारखा यूएसबी बोर्ड घ्या. तो फाइल न वाचता चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो, त्यामुळे पीसीच्या नसलेल्या फ्लॉपीही उतरवता येतात. सव्वापाच इंची ड्राइव्हला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात. ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हवर वाचली तर चालते, लिहिली तर नाही: त्या ड्राइव्हचा माग अरुंद असतो, जुना रुंद माग कडांना शिल्लक राहतो आणि मूळ ड्राइव्ह दोन्हींची सरमिसळ वाचतो.

फ्लॉपीत मराठी मजकूर निघाला, पण अक्षरे म्हणजे नुसता कचरा दिसतो.

मजकूर शाबूत असण्याची शक्यता मोठी आहे. आधी तो कशात लिहिला गेला ते ठरवा.

डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचे जिस्ट कार्ड संगणकात बसवून पडद्यावर देवनागरी आणत. त्याचा मजकूर इस्की सांकेतिकतेत असतो. ती १९९१ साली भारतीय मानक झाली. इस्कीत प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे आणि युनिकोडची देवनागरी तिच्याच रचनेवर बेतलेली आहे, म्हणून रूपांतर जवळपास सरळ होते. रूपांतरानंतर ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांसारखे शब्द मुद्दाम तपासा. कच्चे रूपांतर ऱ्याचा र्या करून टाकते. लागोपाठ दोन हलंत आले असतील तर तिथे जोडाक्षर होऊ द्यायचे नव्हते, असा त्याचा अर्थ.

विंडोजच्या काळातला ‘श्रीलिपी’ किंवा ‘आकृती’ या फाँट-सॉफ्टवेअरमधला मजकूर वेगळा. तिथे अक्षरांऐवजी फाँटमधल्या तुकड्यांचे क्रमांक साठवलेले असतात: काना वेगळा, अर्धे अक्षर वेगळे. फाँट बदलला की क्रमांक बदलतात, त्यामुळे फाँटचे नेमके नाव माहीत नसेल तर रूपांतर अडते. फ्लॉपींच्या त्याच डब्यातल्या फाँटच्या फ्लॉपी आणि प्रिंटर पोर्टवर लावायचे हार्डवेअर लॉक म्हणूनच कधी टाकू नका. गावोगावच्या छापखान्यांकडे आणि साप्ताहिकांकडे असे साठे पडून आहेत. संगणकाच्या डब्यापेक्षा हा मजकूर वाचवणे आम्हाला जास्त निकडीचे वाटते. जिस्ट कार्ड सापडले तर ते त्याच्या सॉफ्टवेअरच्या फ्लॉपीसकट घ्या.

डायलचा फोन आजच्या लाइनवर चालतो का?

बोलण्यासाठी आणि घंटीसाठी चालतो. तांब्याच्या लाइनवर ४८ व्होल्ट डीसी असतो आणि घंटीसाठी साधारण ७५ व्होल्ट, २५ हर्ट्झ एसी येतो. फोनच्या दोन तारा प्लगच्या मधल्या दोन पिनांना जोडा, उलटसुलट झाल्या तरी चालते. घंटी वाजत असताना उघड्या तारांना हात लावू नका.

प्रश्न येतो नंबर फिरवण्याचा. फायबर मोडेमच्या मागचे फोन सॉकेट बहुधा डायलचे ठोके ओळखत नाही. चाचणी सोपी: डायल टोन ऐकत १ फिरवा. टोन थांबला तर ठोके ओळखले गेले. टोन तसाच राहिला तर ग्रँडस्ट्रीम एचटी ८०१ सारखा इंटरनेट फोनचा अॅडॅप्टर मधे घाला. त्याच्या सेटिंगमध्ये पल्स डायलिंग चालू करावे लागते आणि घंटीची वारंवारता २५ हर्ट्झवर आणली की घंटी भरदार वाजते. एका अॅडॅप्टरवर दोनपेक्षा जास्त जुन्या घंट्या लावू नका.

नंबर चुकीचे लागतात, आवाज कोंदट येतो.

डायल सेकंदाला १० ठोके देतो. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत ० फिरवा. पहिल्या आणि दहाव्या ठोक्यात ०.९ सेकंद अंतर हवे. ०.८ ते १ चालते. जास्त वेळ लागत असेल तर जुने तेल घट्ट झाले आहे: मागचे झाकण काढून अल्कोहोलने साफ करा, दंडगोल गिअरच्या दोन्ही टोकांना घड्याळाच्या तेलाचा अगदी बारीक थेंब द्या. वेग आवरणाऱ्या वजनांच्या वाटीत तेल गेले तर डायल सुसाट सुटतो. गंज सोडवणारा स्प्रे डायलमध्ये कधीच मारायचा नाही. संपर्क बिंदूंमधून जाड कागदाची पट्टी ओढा, पॉलिश पेपर नको.

कोंदट आवाजाचे मूळ बोलण्याच्या बाजूच्या कॅप्सूलमध्ये. तिच्यात कार्बनचे कण असतात, ओलाव्याने त्यांची ढेकळे होतात. कॅप्सूल काढून तळहातावर हळू थापटा, दोन दिवस सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.

बेकेलाइट आणि पिवळे पडलेले प्लास्टिक कसे साफ करावे?

बेकेलाइट ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने पुसा, पाण्यात बुडवू नका. कोरडे झाल्यावर ब्रासो अगदी थोडे, मग मेण. कोरडे घासून त्याची धूळ उडवू नका, ती श्वासात जाणे वाईट.

संगणकाचे पिवळे प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाने उजळते. पण बऱ्याचदा डाग असमान उठतात आणि काही वर्षांत पिवळेपणा परतही येतो. आम्ही ते तसेच राहू देतो.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे, आत सिलिका जेल आणि स्वस्त आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्के चांगले. जेलचा रंग बदलला की ११० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ काही प्लास्टिक मऊ करते. महिन्यातून एकदा यंत्र तासभर चालवा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवावे का?

तिकडचे यंत्र ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीचे. सप्लायवर २३० चा स्विच नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. वापरलेले संगणक आयात करण्यावर बंधने आहेत, तेव्हा पार्सल करण्याआधी चालू नियम बघून घ्या.

तारखात्याची किल्ली किंवा वायरलेस सेट ठेवता येतो का?

मोर्सची किल्ली आणि साउंडर (तारेचे ठोके ऐकवणारे उपकरण) खुशाल ठेवा. भारतातली तारसेवा १४ जुलै २०१३ रोजी बंद झाली. ही पितळी उपकरणे बाजारात दिसतात. साउंडर चालवायला करंट मर्यादित करता येणारा सप्लाय घ्या, शून्यापासून व्होल्टेज वाढवत जा आणि पट्टी ठामपणे ‘कट्ट’ वाजू लागली की थांबा. प्रक्षेपण करणारा सेट मात्र परवान्याशिवाय बाळगू नका.

यंत्रे आणि सुटे भाग कुठे शोधावेत?

यंत्रांसाठी पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईतला चोर बाजार, भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली तपकीर गल्ली. भंगारवाल्याशी ओळख ठेवा आणि त्याला सांगून ठेवा की सोनेरी झाकणाच्या सिरॅमिक चिप सोन्यासाठी फोडण्याआधी बोर्ड तुम्हाला दाखवावा. किलोच्या भावापेक्षा थोडे जास्त दिले की तो आनंदाने बाजूला ठेवतो. नव्या चिप घेताना घासून पुन्हा छापलेल्या मालापासून सावध राहा: अल्कोहोलच्या बोळ्याने अक्षरे पुसली गेली तर चिप परत करा. कापून काढलेल्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात न टाकता एका बरणीत साठवा आणि अधिकृत ई-कचरा केंद्राला द्या.